आकसलेला बूट

मी निघाले त्या सकाळी आमच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती, आणि मी नक्की काय करायला चालले आहे ते त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. विमानतळावर सोडायला काकांची इको गाडी उभी होती. बाबा डोलवीच्या पोलाद कारखान्यातली शिफ्ट संपवून कंपनीच्या शर्टातच आले आणि ओट्यावर टेकले. आयने सुक्या जवळ्याची पिशवी तीनदा बॅगेत कोंबली, मी तीनदा काढली. शेवटी काकूने विचारलंच, "पन तिकडं जाऊन करनार काय गो तू?"

"बुटाचे सोल," मी म्हटलं.

मग बाबा म्हणाले, "बीएस्सी झालीस आनि जोडं बनवनार?"

आमच्या घराने तीन पिढ्या पेणजवळच्या मिठागरात मीठ गोळा करायची फळी ओढली. मिठाने चिरून त्या अंगणात कुणाचीच टाच धड राहिली नव्हती. आणि तीच माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी घराण्याची अब्रू वेशीवर टांगायला निघाले होते. मला राग नाही आला, कीव आली. ती कीव मी अंगावरच्या नव्या जॅकेटसारखी मिरवत गाडीत बसले. त्या दिवशी अंगणात होतात त्या तुम्हा सगळ्यांना हे लिहिते आहे. आणि माझ्यासारखे बाहेर पडून सुट्टीत गॉगल लावून पेणच्या बाजारात फिरणाऱ्यांनाही.

मिडसोल म्हणजे बुटाच्या तळाचं रबर आणि पाऊल यांच्या मधला जाड, मऊ फोम. पाऊल आपटतं तेव्हा दणका तो खातो. मी हे शिकले रोह्याला. पेणला कॉलेज झाल्यावर एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागले, नदीपलीकडच्या अष्टमी गावात खोली घेतली, रोज पूल ओलांडून कामावर जायचे. रबर, फोम, दाब, ताण यांचे नमुने तपासायचे. काम मनापासून आवडलं. नमुना खोटं बोलत नाही, आणि आमच्या गावकीनंतर मला त्याचं फार अप्रूप होतं. तिथूनच व्हिएतनाममधल्या एका बूट कंपनीच्या डिझाइन सेंटरला निवड झाली.

तिथे पहिल्या आठवड्यात कळलं की बूट बनवणाऱ्या माणसांत पायाबद्दल बोलणारं कुणी नाही. सगळे 'फील'बद्दल बोलत. फोम ढगासारखा आहे की लोण्यासारखा, यावर तास-तासभर मीटिंगा. माझे टीम लीड कौस्तुभ सर पुण्याचे. मी पहिल्यांदा घाईत "नाय जमणार" म्हणाले तर हसून सगळ्यांना म्हणाले, "किती गोड बोलते ही!" नंतर ते माझी नक्कल करून दाखवत. स्वतः कधी दोनशे पावलं सलग चालले नसतील, पण धावपटूच्या टाचेत काय चालतं ते डोळे मिटून सांगायचे. पांढरे शुभ्र बूट घालून लिफ्टने पहिल्या मजल्यावर जाणारा माणूस. त्यांच्याबद्दल मला जे वाटायचं त्याला तिरस्कार म्हणणं म्हणजे त्यांना फार मान दिल्यासारखं होईल.

तरी मी तिथे टिकले, आणि टिकण्यासाठी त्यांच्यासारखी झाले. घरी फोनवर आयला "आय ॲम इन अ मीटिंग" म्हणायला लागले. आय म्हणायची, "बरं बरं, जेवलीस ना?" तिला ते वाक्य कळायचं नाही. कळायचं नाही म्हणूनच मी ते वापरायचे.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे भारतासाठी एक हलका, स्वस्त रनिंग शू आला. त्याचा मिडसोल माझ्याकडे होता. जाडी, टाचेचा उतार, कडेच्या खाचा, सगळं मी काढलेलं. फोम साच्यातून फुलून बाहेर आला की त्याला ठरावीक वेळ सावकाश निवू द्यावं लागतं, नाहीतर पुढे ऊन लागलं की तो आकसतो. लाइनवर माल लवकर निघावा म्हणून तो वेळ निम्मा केला होता. मी नमुने सत्तर डिग्रीच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवले. बाहेर काढले तेव्हा डोळ्यांनी दिसण्याइतके लहान झाले होते.

मी रिपोर्ट घेऊन कौस्तुभ सरांकडे गेले.

"सत्तर डिग्रीत बूट कोण ठेवतं?" ते म्हणाले. "पन्नासला कर टेस्ट. पन्नासला पास होईल."

"आपली टेस्ट सत्तरची आहे, सर."

"सुवर्णा, तू इंजिनिअर आहेस की हवामान खातं?"

आजूबाजूचे हसले. मीही हसले. मग पन्नासला चाचणी केली, नमुना पास झाला, आणि मी सही केली. आमच्याकडे एप्रिलमध्ये पत्रा किती तापतो ते त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. त्याच पत्र्याखाली मी अभ्यास केला होता. तरी सही केली.

पुढच्या मे महिन्यात सुट्टीवर आले. काकांची दीपाली पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे खारबंदिस्तीच्या बांधावरून धावायची, आठशे मीटरसाठी. माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि मी कुठे आणि का गेले हे नीट विचारणारी घरातली एकटीच. भरती महिन्यापूर्वीच अलिबागला होऊन गेली होती आणि थोड्या सेकंदांनी तिचे मार्क गेले होते. मी आले त्या दुपारी ती ओट्यावर पाय सोडून बसली होती. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली.

"हे काय गो?" मी विचारलं.

"काय नाय ताय. सराव जास्त झाला."

कोपऱ्यात तिचे बूट होते. मी लांबूनच ओळखले. मीच काढलेला टाचेचा उतार. पण पुढचं टोक वर वळलेलं, आणि एका बाजूला सोल कापडापासून सुटत आलेला.

"हे कधी घेतलेस?"

"पेनला. दुकानात तुझ्या कंपनीचं नाव बघलं, मग दुसरं काय बघलंच नाय." ती हसली. "चिखल लागला म्हनून धुवून पत्र्यावर वाळत टाकलं. दुसऱ्या दिवशी घातलं तर घट्ट. मला वाटलं धावून धावून माझा पायच वाढला."

मी बूट हातात घेतला. आतला साइझचा आकडा सात होता. माझं सहाचं पाऊल त्यात जाईना.

"मग दुसरे का नाही घातलेस?"

"तू बनवलेलं हाय ना," दीपाली म्हणाली. "मला वाटलं, चुकलं असंल तर माझंच."

मी तिला तिथेच सगळं सांगितलं. ओव्हन, सत्तर, पन्नास, सही. बाबा आतून ऐकत होते. ते बाहेर आले, बूट उचलून उलटसुलट पाहिला.

"तुला म्हाईत होता?" त्यांनी विचारलं.

"होतं."

त्यांनी बूट खाली ठेवला आणि ते आत गेले. अंगणात जोड्यांवरून मला टोमणा मारणारा हा माणूस त्या दिवशी काही बोलला असता तर बरं झालं असतं. ज्यांची मी कीव केली होती, त्यांच्यासमोर मी तशीच बसून राहिले. दीपालीनेच उठून माझ्यासाठी पाणी आणलं.

परत गेल्यावर मी तो बूट मीटिंगच्या टेबलावर ठेवला. सोबत सत्तर डिग्रीचा जुना रिपोर्ट, नवीन नमुन्यांची चाचणी आणि पन्नासचा आकडा मी का लिहिला त्याची कबुली. हे सगळं कौस्तुभ सरांच्या वरच्यांनाही पाठवलं होतं. सर बुटाकडे बघून म्हणाले, "हा युजरचा मिसयूज आहे." कुणी त्या बुटाला हात लावला नाही. त्याला आमच्या खारातला चिखल होता.

चौकशी झाली. जुना माल दुकानातच राहिला, त्याच्या खोक्यात एक चिठ्ठी टाकली, 'थेट उन्हात वाळवू नये'. नव्या मालाला निवायला पुरता वेळ मिळू लागला, एवढं मात्र झालं. सरांना बढती देऊन सिंगापूरला धाडलं. मला मिडसोलवरून काढून लेबलं आणि खोक्यांच्या विभागात टाकलं. त्या चिठ्ठीचं मराठी भाषांतरही माझ्याकडेच आलं. मी ते केलं. सहा महिन्यांनी नोकरी सोडली. आता रोह्यालाच एका लहान लॅबमध्ये लोकांच्या रबराच्या नमुन्यांची चाचणी करते. सोडून आलेल्या माणसाला इथे मान नसतो. "तिकडं जमलं नाय वाटतं," असं तुम्ही माझ्या तोंडावर म्हणता आणि मी ऐकून घेते. तुमचं तर्कट अर्धं बरोबर आहे.

गेल्या महिन्यात दीपालीची पुन्हा भरती होती. मी ओळखीच्या पुरवठादाराकडून चांगला जोड मागवला, स्वतः सत्तरला तपासला आणि घरी घेऊन गेले. खोकं तिच्यापुढे ठेवलं. तिने उघडलं, अंगठ्याने फोम दाबून पाहिला आणि झाकण लावलं.

"नको गो ताय. मी घेतलं हायत. दुकानात धावून बघलं, घरी दोन दिवस पत्र्यावर ठेवलं, मग सरावाला घातलं."

"कुठल्या कंपनीचे?"

"ते तुला कशाला सांगू?" ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.

ती यादीत लागली की नाही ते अजून कळायचं आहे. मी दर रविवारी जाते. आय जेवायला वाढते, बाबा लॅबमधलं काही विचारत नाहीत, दीपाली धावून आली की माझ्या शेजारी बसते. या घरात माझ्यावर जीव आहे आणि माझ्या मालावर विश्वास नाही. दोन्ही मी कमावलंय. ते नवं खोकं मी परत आणलं नाही, ओट्यावरच ठेवून आले. आय त्यातला जोड काढून आता सुका जवळा ठेवते.