अकरा खापरांवरचा चुकीचा नंबर

आधीच सांगतो, भुतंखेतं माझ्या नादी लागत नाहीत. त्यांनाही काही दर्जा असतो! स्मशानाला लागून असलेल्या शाळेत वीस वर्षं ड्रॉइंग शिकवतोय, एकदासुद्धा काही दिसलं नाही. असले किस्से कुणी सांगायला लागलं की मीच आधी हसायचो. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलोय, याची जरा लाज वाटतेय...

मी मलकापूरचा. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात पूर्णेकाठच्या एका गावात उत्खनन निघालं. गावाचं नाव राहू द्या. गावाबाहेर टेकाड आहे, त्याला सगळे 'पांढरी' म्हणतात, कारण बायका घर लिंपायला तिथली पांढरी माती नेतात. ती माती म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची राख, चुली, भिंती. पुण्याहून आलेल्या मॅडमना खापरांची चित्रं काढायला आणि त्यांच्यावर नंबर टाकायला माणूस हवा होता. रजा टाकून गेलो.

काम सोपं. टेकाडावर पाच-पाच मीटरचे चौकोन आखलेले. एका बाजूला इंग्रजी अक्षरं, दुसऱ्या बाजूला आकडे. खापर ज्या चौकोनात निघालं त्याचा नंबर त्याच्या पाठीवर बारीक टाकाने लिहायचा. "नंबर चुकला की खापर अनाथ होतं," असं मॅडम म्हणायच्या. मी पहिल्याच आठवड्यात मातीचा एक भाजलेला मणी रजिस्टरात चढवला, चित्रासकट. ती शेळीची लेंडी निघाली.

खापरं धुणाऱ्या वच्छलाबाई तेव्हापासून रोज सकाळी विचारायच्या, "मास्तर, रात्रून शेळी मणी टाकून गेली का जी?"

साठीच्या, काटक बाई. पाण्याच्या घमेल्यात ब्रश घेऊन बसायच्या आणि माझी टिंगल करायच्या. पण एक होतं. कुठे हाड निघालं की उठून जायच्या आणि विचारायच्या, "लहान हाये का?"

मग बी-१ मध्ये, एका घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी निघाली. आत तान्ह्या बाळाची हाडं. मॅडमनी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं, त्या काळी मूल गेलं तर ते लोक त्याला असं घरातच पुरायचे.

वच्छलाबाई खड्ड्याच्या काठाशी उकिडव्या बसल्या. "घरातच ठेवत होते? मंग माह्यं काऊन दूर नेलं?"

दुपारी माझ्याजवळ बसून त्यांनी सांगितलं. पुढे दोन पोरी झाल्या, पण पहिलं लेकरू मुलगा. नऊ दिवसांचा होऊन गेला. बारसं व्हायचं होतं, नावसुद्धा नव्हतं. त्या बाळंतिणीच्या खोलीत. नवऱ्याने टोपलीत घालून नेलं, पांढरीत कुठेतरी मडक्याखाली पुरलं. कुठे, ते मरेपर्यंत सांगितलं नाही. "म्हणे, तू तठी जाऊन बसशीन. हातात मनगट्या होत्या. काळे मणी पुरले नाई म्हून म्या माह्या बापाच्या सदऱ्याची निळी गुंडी ओवली होती." मग घमेल्यात हात घालून म्हणाल्या, "म्हून तं कामावर आली, मास्तर. नाईतं या वयात माती काऊन उकरू?"

 मी त्यांचं घमेलं उचलून गढूळ पाणी बदलून आणलं.

तिसऱ्या दिवशी मी त्या दोन मडक्यांच्या फुटलेल्या तुकड्यांवर नंबर टाकले. अकरा तुकडे. हात जड झाला, थंडी वाजली, असलं काही नाही. उलट जन्मात पहिल्यांदा शाई फुटली नाही. संध्याकाळी मॅडमनी ट्रे पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे काय लिहिलंय?"

ई-७. अकराही तुकड्यांवर, स्वच्छ, माझ्याच अक्षरात.

"आपले खड्डे सी-४ला संपतात. ई-७ कुठे आहे? टेप घ्या आणि दाखवा मला!"

सगळे मजूर हसत मागे. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं वच्छलाबाईंकडे. "चला मास्तर, लेंड्याच लेंड्या सापडतीन," त्या म्हणाल्या. मोजत मोजत आम्ही उतारावर, हिवराच्या झाडापाशी आलो. तिथे पावसाने माती वाहून गेली होती आणि उपड्या मडक्याचं बूड वर आलं होतं. बोटभर.

वच्छलाबाईंनी टेप खाली टाकला. त्या खाली बसल्या, हाताने माती सारली. मडकं एका बाजूने फुटलेलं. आत दोरा कुजून गेला होता. काळे मणी मातीत विखुरलेले. मधे निळी गुंडी.



मॅडम हळूच म्हणाल्या, "हे अलीकडचं आहे. आपलं नाही. झाकूया."

"झाकतो जी," वच्छलाबाई म्हणाल्या. गुंडीला त्यांनी हात लावला, पण उचलली नाही. मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, याच्यावर बी नंबर टाका."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी मडक्याच्या बुडावर लिहिलं.

"काय म्हणते हे?"

"ई-सात."

"ईसात," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग माती ओढली, थापटली, अगदी पाळण्यातल्या पोराला थापटतात तसं.

मॅडमचं म्हणणं, घाईत इंग्रजी बीची ई होते आणि एकचा सात. पटण्यासारखं आहे, मी लेंडीचा मणी केलेला माणूस. पण अकराच्या अकरा? त्याआधीचे, नंतरचे नंबर बरोबर. त्या उतारावर मी कधी पाय ठेवला नव्हता, आणि जागा माहीत असलेला एकच माणूस केव्हाच गेला होता. मॅडमनी नंतर त्या तुकड्यांवरचे नंबर मला दुरुस्त करायला दिले. दहा केले. एक राहून गेला म्हणा...

परवा मलकापूरच्या बाजारात वच्छलाबाई भेटल्या. माझ्या सोबतच्या बाईने त्यांना विचारलं, लेकरं किती. मला वाटलं, दोन पोरी म्हणतील.

"तीन," त्या म्हणाल्या. "दोन पोरी. अन् थोरला ईसात."

हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सापडलं तर मला जरूर कळवा. फक्त त्यांना सांगू नका.