पाच पावसाळ्यांचा जबाब

सन १९४६. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा, अक्कलकुव्याकडच्या एका पोलीस चौकीवर जमादार. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता विसरलो. पण त्या वर्षी आलेला एक साधा चौकशीचा कागद विसरता येत नाही.

माझं शिक्षण मराठी तिसरी. इंग्रजी कागद आला की फौजदार साहेब वाचून मराठीत सांगायचे. त्या दिवशी त्यांनी कागद दोनदा वाचला. लढाईच्या काळात सरकारनं इटलीच्या लोकांना छावणीत डांबलं होतं, त्यातल्या एकाचा तो अर्ज होता. आता त्याला बोटीनं मायदेशी धाडणार होते. त्याचं म्हणणं, माझी बायको सातपुड्यातल्या अमुक गावी आहे, तिला माझ्याबरोबर इटलीचा पासपोर्ट द्या. त्यांच्या कायद्यानं नवऱ्याचा देश तोच बायकोचा. मला त्यात नवल वाटलं नाही, आपल्याकडेही पोरगी लग्नानंतर सासरचीच होते. पण लग्नाचा दाखला हवा आणि दाखला नव्हता. म्हणून पोलिसांनी खात्री करायची, ही बाई तिच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे त्याची बायको आहे की नाही. मुदत आठ दिवस. बोटीची यादी त्यानंतर बंद.

गोरा माणूस मूळ कापसाच्या जिनातल्या इंजिनावरचा मिस्त्री. पुढे एका ठेकेदाराचं लाकूड कापायचं यंत्र बसवायला डोंगरात आला आणि तिथंच राहिला, एवढं आमच्या दप्तरात होतं.

खापर गावच्या बाजारात त्याच ठेकेदाराचा मुनीम मला भेटला. न विचारता म्हणाला, "जमादार, उगाच डोंगर चढू नका. लगन-बिगन काही नाही. गोऱ्यानं ठेवलेली बाई ती." मी ऐकून घेतलं. फुकटची खबर आधी हुंगून पाहायची, ही माझी सवय. चौकशी केली तेव्हा कळलं, गोऱ्यानं एकदा या मुनीमाचं लाकडाचं खोटं माप मजुरांसमोर उघडं पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डोंगर चढलो. त्या बाईच्या बापाच्या अंगणात खाटेवर बसलो आणि एकेकाला बोलावलं. घरात त्यांची बोली डोंगरातली, माझ्याशी मात्र बाजारातली आमची अहिराणी बोलायचे.

"गोराना लगन व्हयनं का?"

"नहीं, जमादार. लगन नहीं व्हयनं."

"मंग तो आठे, या गावमा, का बरं ऱ्हाये?"

"आम्हले काय माहीत?"

बाप तेच म्हणाला. पंच तेच म्हणाले. शेवटी मुलीला विचारलं. तिशीच्या आतली असेल. सूप घेऊन धान्य पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो मन्हा कोनी नहीं." पण तिचं सूप थांबलं होतं.

नऊ जबाब झाले, नऊ अंगठे झाले. दुसरा कोणी असता तर लग्न झाले नाही असं लिहून डोंगर उतरला असता. मी हट्टी. मला ते नऊ जबाब खटकले. नऊ माणसं खरं बोलतात तेव्हा कधी सारखं बोलत नाहीत. एकाला पाऊस आठवतो, दुसऱ्याला बैल, आणि दोघं भांडतात. इथं कोणी भांडतच नव्हतं. शिवाय बापाच्या झोपडीला लागून दुसरी झोपडी होती, वेगळ्या दाराची, वेगळ्या चुलीची. बिनलग्नाच्या पोरीला कोणी वेगळी चूल मांडून देत नाही.

मी कागद गुंडाळले, भाकर मागितली. खाता खाता सहज म्हणालो, "बरं व्हयनं लगन नहीं व्हयनं ते. तो गोरा आळशी व्हता म्हनतस. फुकटनं खाये."

मुलीचा म्हातारा बाप उसळला. "आळशी? कोन म्हनस आळशी? पाच पावसाळा मन्हा वावरमा नांगर धरा त्यानी."

"पाच नहीं, चार," शेजारचा पंच बोलून गेला. "पाचवामा तो बिमार व्हता."

"बिमार व्हता तरी वावर निंदाले बसना. तुन्हा पोरगा धडधाकट ऱ्हाईसन बसस का?"

बाकीचे हसले, आणि मग एकदम सगळे गप्प झाले. मीही घास खाली ठेवला. ज्याच्याजवळ मुलीच्या बापाला द्यायचं देज नसतं, तो सासऱ्याच्या घरी राबून ते फेडतो. त्याला घरजवाई म्हणतात. पाच पावसाळे परक्याच्या वावरात कोणी फुकट नांगर धरत नाही.

"बाबा," मी म्हणालो, "आता खरं सांग. का लपाडं?"

 त्यानं हळूहळू सांगितलं. सहा वर्षांमागं पोलीस गोऱ्याला घेऊन गेले, तेव्हा विचारत होते, याची माणसं कोण? गावाला वाटलं, बायको म्हटलं तर पोरीलाही नेतील. पंच बसले आणि ठरलं, लगन झालंच नाही. सहा वर्षं अख्खं गाव हे पाळत होतं. तेव्हा नेणारा मी नव्हतो, पण अंगावरची खाकी तीच होती.

मी कागद काय आहे ते सांगितलं. त्याला घरी पाठवताहेत. तुम्ही नाही म्हणालात तर तो एकटा जाईल.

मुलगी सूप ठेवून पुढं आली. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. मला विचारलं, "मी नहीं म्हनं ते पोर आठेच ऱ्हाई ना?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "हो. आठेच ऱ्हाई."

"आनि हो म्हनं ते?"

"समुद्रपार जाई. परत येवानं मी सांगू शकत नहीं."

 म्हातारा आपल्या हाताकडं बघत बसला. मग म्हणाला, "लिखा, जमादार. मन्हा जवाई शे तो."

कागदावर नसलेला एक प्रश्न मी मुलीला विचारला. तुला जायचं आहे का? तिनं उलट मलाच विचारलं, "तठे पानी पडस का?"

"पडत व्हई."

"मंग जासू."

मी नवे जबाब घेतले. या वेळी नऊ जणांनी नऊ तऱ्हांनी सांगितलं. कोणी पाच पावसाळे म्हणालं, कोणी चार. मी सगळं तसंच लिहिलं. पुढे फौजदार साहेब म्हणाले, पहिले जबाब जोडू नका, गोंधळ होतो. मी ऐकलं नाही. खोटे नऊ आणि खरे नऊ एकत्र बांधले आणि खोटं का बोलले ते माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात वर लिहिलं. मंजुरी आली. ती इटलीची झाली आणि त्याच बोटीनं गेली.

खोटं पकडणं हे पोलिसाचं कामच. पण माणूस खोटं कोणासाठी बोलतो, हे त्या डोंगरानं मला शिकवलं. स्वतःला वाचवायला बोलणारे पुष्कळ भेटले. दुसऱ्याला वाचवायला बोलणाऱ्याशी आवाज चढवू नये, त्याच्या अंगणात भाकर खावी.

त्या दिवशी जबाब संपेस्तोवर दिवस मावळला, म्हणून मी गावातच मुक्काम केला. सकाळी निघालो तर म्हातारा काठी घेऊन वाटेवर उभा. टपालावर त्याचा भरवसा नव्हता, कागद पोचलेला त्याला डोळ्यांनी बघायचा होता. सरकारी कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचे नसतात. तरी मी कागद बांधलेलं बासन काढून त्याच्याजवळ दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि माझ्या पुढं चालू लागला. तळोद्याच्या कचेरीपर्यंत मी त्याच्या मागून चाललो.