तो ‘चालेल’ म्हणाला नव्हता

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. त्या बैठकीत माझा मित्र जे बोलला ते मला नीट कळलं होतं, आणि मी सगळ्यांना दुसरंच सांगितलं.

आम्ही दोघं चाकणच्या एका कंपनीत बरोबरच लागलो. मशीनच्या पडद्यावर ऑपरेटरला कुठलं बटण कुठं दिसावं, हे ठरवणं आमचं काम. तो बीडकडचा, तोंडाने मोकळा. मी पहिल्यापासून घुम्या. पिंपळे गुरवला कंपनीच्या बसमध्ये चढलो की चाकण येईपर्यंत तो बोलायचा, मी ऐकायचो. मग ऐन चाळिशीत त्याला लकव्याचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, जीभ मात्र जड राहिली. कामावर परतला तेव्हा त्याचं बोलणं दोघांनाच कळायचं, त्याच्या बायकोला आणि मला. बैठकीत त्याने तोंड उघडलं की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि तो काय म्हणतोय ते मी सांगायचो. अख्ख्या नोकरीत माझ्याकडे इतकं कुणी बघितलं नव्हतं. ते मला आवडायला लागलं होतं.

पुढे कंपनीचा गुजरातला प्लांट सुरू झाला. तिकडच्या आणि इकडच्या लोकांनी एकत्र काम करायचं तर एखादं सॉफ्टवेअर हवं. दोन वापरून बघा आणि एक ठरवा, असं साहेबांनी मला सांगितलं. एक होतं नीटनेटकं, डिझाइनचं. त्यात पडदे हुबेहूब काढता यायचे. दुसरं म्हणजे कॉम्प्युटरवरचा नुसता मोठा पांढरा फळा. त्यावर कुणीही, कुठूनही, पिवळी चिठ्ठी चिकटवावी.

फळा उघडला आणि माझा मित्र परत बोलायला लागला. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचा, पण काय एकेक चिठ्ठ्या! माझ्या एका बटणाशेजारी त्याने चिकटवलं, “हातमोजा घालून हे दाबून दाखव, मग बोलू राव.” दुसरीकडे, “इतका लाल रंग? मशीन चालवायचंय का लग्न लावायचंय?” गुजरातची पोरं हसायची, उलट चिठ्ठ्या लावायची. साहेब बैठकीत आल्या आल्या विचारायचे, आज पिवळी चिठ्ठी काय म्हणतीये? बसमध्येही तो मोबाइलवर फळाच उघडून बसायचा. मी शेजारी खिडकीतून बाहेर बघत असायचो. त्याला आता माझी गरज उरली नव्हती.

निकालाच्या बैठकीत मी डिझाइनच्या सॉफ्टवेअरची बाजू मांडली. दोन्हींचा खर्च कशाला, फळ्यावर नुसता पसारा होतो, म्हणालो. आमच्यातल्या तिघांनी पडद्यांची चित्रं काढावीत, बाकीच्यांनी बघावीत, सूचना बैठकीत तोंडी द्याव्यात. हा तोंडीचा नियमही माझाच. कोण गप्प होणार ते मला ठाऊक होतं.

साहेबांनी त्याला विचारलं, तुमचं काय मत? तो खुर्चीत पुढे सरकला. जिभेशी झगडत, घामाघूम होत बोलला. नेहमीसारखे सगळे माझ्याकडे वळले.

“तो म्हणतोय, चालेल,” मी म्हणालो.

तो म्हणाला होता, “फळा राहू द्या. मला तिथंच बोलता येतं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. चिडला असता तर बरं झालं असतं. पण आपलीच जीभ इतकी जड झाली का, की यालाही कळू नये, अशा चेहऱ्याने तो बघत राहिला. मग मागे टेकून बसला. पुन्हा बोलून बघितलं नाही त्याने.

फळा बंद झाला, आणि त्यानंतर बैठकीत त्याने तोंड उघडलं नाही. बसमध्येही माझ्याशी बोलणं सोडलं. रागाने नव्हे, आता मलाही कळत नाही असं समजून. वर्षभराने त्याने नोकरी सोडली.

दिवाळीत त्याच्या घरी गेलो होतो. त्याची बायको चहा घेऊन आली. म्हणाली, “भाऊजी, हे आता माझ्याशीबी बोलत न्हाईत. म्हणजे, प्रयत्नच करत न्हाईत. तुम्ही येत जा. तुमाला कळतंय त्यांचं.”

तो टीव्हीकडे बघत होता. मी चहा संपवला आणि निघालो. जिन्यात उभा राहून थोडा वेळ रडलो, आणि बाइक काढून घरी आलो.

अजून माझ्याकडून एवढं बाकी आहे: त्याच्यासमोर बसून सांगायचं, की त्याची जीभ नीट चालली होती, मला शब्द न् शब्द कळला होता, आणि खोटं मी बोललो.