मधलीचा तंबू

तीन बहिणींतली दुसरी म्हणून माहेरी तिला सगळे मधली म्हणत. पुढे तंबू शिवायच्या कारखान्यात लागली, तर तिथंही तिच्या वाट्याला रांगेतलं मधलंच मशीन आलं, आणि नाव कायमचं चिकटलं. नऊ वर्षं तिनं जाड कापडाच्या चार-चार पदरांतून शिवणी मारल्या. तिचा टाका कुणी उसवून दाखवावा, अशी तिची पैजच होती. तिथलाच एक तंबू स्वस्तात घेऊन तिनं घरी ठेवला होता, मात्र स्वतः तंबूत झोपायचा योग एकदाही आला नव्हता.

थोरली पोरगी अडीच वर्षांची, धाकटा सात महिन्यांचा. बाळंतपणाची रजा संपत आली होती. इतके महिने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काढल्यावर पोरीचा सगळा जीव गॅलरीच्या गजांत अडकलेला असे. खालून कुत्रं गेलं तरी ती हरखून हाका मारी. ते बघून एका सकाळी मधलीनं जाहीर केलं, की शनिवारी आपण चौघं तळ्याकाठी जायचं, तंबू ठोकायचा आणि रविवारी परत यायचं.

घरात जणू बॉम्बच पडला. नणंदेनं फोनवरून साप-विंचवांची यादी वाचून दाखवली. नवऱ्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाच ठाऊक. औषधाच्या दुकानांना माल पोचवणारी गाडी तो चालवायचा. घाटात न डगमगणारा हा माणूस आईसमोर गारठायचा. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पोरं मोठी होईपर्यंत बाईनं हौस गुंडाळून ठेवायची असते."

"गुंडाळलेला तंबूच आहे माझ्याकडे, आई," मधली म्हणाली. "तो उघडायचा म्हणतेय."

पण ती तशीच उठून निघाली असं नव्हतं. धाकट्याला लस द्यायला नेलं तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. ऊब राहील आणि पाणी उकळून द्याल तर खुशाल जा, असं त्या म्हणाल्या. मुकादमाला सांगून कारखान्यातले वाया गेलेले तुकडे आणले आणि घरच्या मशीनवर कमरेइतक्या उंचीचं लांबलचक कापडी कुंपण शिवलं. पोरगी त्याच्या आत खेळेल, पाण्याकडे पळणार नाही, हा हिशेब.

शनिवारी चौघं तळ्याकाठी पोचली. तंबू ठोकायला भाड्यानं देतात त्या जागेच्या राखणदारानं दोन पोरं बघितली आणि त्याचा चेहरा पडला. एवढ्या लहानग्यांना इथं आणत नाहीत, असं तो म्हणाला. मागे पक्की खोली होती, ती घ्यायचा त्यानं बराच आग्रह केला. रात्री बाळ रडलं तर बाकीचे लोक तक्रार करतात, हेही सांगितलं. फाटकावर नियमांची पाटी होती. मधलीनं धाकट्याला कडेवर घेऊन ती वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचली. शेकोटी नको, काचेच्या बाटल्या नकोत, गाणी मोठ्यानं लावू नयेत.

"काका, रडण्याबद्दल यात काही नाही," ती म्हणाली. "लिहिलंत की सांगा, तेव्हा जाऊ."

राखणदारानं डोकं खाजवलं आणि त्यांना झाडांजवळची जागा दाखवली.

तंबू उभा राहिला तेव्हा दुपार टळली होती. तंबूभोवती कुंपणही झकास बसलं. पोरगी आत मातीत फतकल मारून बसली आणि खडे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरू लागली. नवरा पाणी आणायला गेला. मधली बाळाला पाजत होती आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या शिवणींकडे आतल्या बाजूनं बघत होती. बाहेर पोरीला खड्यांपेक्षा मजेची गोष्ट सापडली होती. तंबूच्या दोऱ्या ताणून धरणाऱ्या खुंट्या ती एकेक करून हलवून उपटत होती, आणि उपटलेल्या डब्यात भरत होती.

चार खुंट्या गेल्या आणि नेमका वारा सुटला. तंबूची एक बाजू फडफडत वर उठली, खांब कलला आणि सगळं कापड मधलीच्या अंगावर आलं. तिनं बाळाला छातीशी घट्ट धरलं, पाठीनं कापड पेललं आणि पोरीला हाक मारली. पोरगी बाहेर उभी राहून खिदळत होती. तिला वाटलं, हा खेळ आईनंच काढलाय.

नवरा धावत आला. त्यानं मायलेकरांना बाहेर काढलं. बाळाला कुठं लागलंय का ते दोनदा तपासलं. लागलं नव्हतं, बाळ डोळे मोठे करून वाऱ्याकडे बघत होतं. नवरा मात्र पिशव्या उचलायला लागला. "चल, गाडीत सामान भरू," तो म्हणाला. "आई म्हणत होती तेच झालं."

 मधली खाली बसली आणि तिनं आधी शिवणी तपासल्या. कापड कुठंच फाटलं नव्हतं. एक टाकासुद्धा उसवला नव्हता.

"खुंट्या पोरीनं काढल्या. त्यात आईंचं काय खरं झालं?" ती म्हणाली. "तू दगड गोळा कर."

कपड्यांच्या पिशव्या रिकाम्या करून तिनं त्यांत दगड भरायला लावले. खुंट्या परत ठोकल्या आणि प्रत्येकीवर एकेक जड पिशवी ठेवली. पोरगी पिशव्यांशी झटली, लालबुंद झाली, शेवटी कंटाळून बापाच्या खांद्यावर जाऊन बसली. अंधार पडायच्या आत तंबू पुन्हा ताठ उभा होता.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. सगळं ठीक आहे म्हणून सांग, अशा नवऱ्यानं खुणा केल्या. मधलीनं त्याच्याकडे पाठ फिरवली. "तंबू पडला होता, आई. परत उभा केलाय. पोरं मजेत आहेत, दोघंही जेवली," ती म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. बाळ रात्री दोनदा रडलं. तक्रार घेऊन कुणी आलं नाही.

घरी परतल्यावर पोरीला सर्दी झाली आणि सासूबाई चार दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. मधली मात्र त्यांच्याशी नेहमीसारखंच बोलत राहिली, उत्तर येवो न येवो.

कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं पुढच्या महिन्यातल्या दोन दिवसांच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलांना घेऊन तंबूत राहायला जाणे.' मुकादम भला माणूस. त्यानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की ते खोडून घरात आजारपण लिही, म्हणजे साहेब विचारणार नाहीत.

"घरात कुणी आजारी नाही," मधली म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

अर्ज तीन दिवस साहेबांच्या टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी सही होऊन आला. खोडाखोड कुठंच नव्हती.