नानानं तो रस प्यायला नव्हता

"जीभ बाहेर काढ."

डॉक्टर शांतपणे म्हणाले. एका हातात बॅटरी. दुसऱ्या हातातल्या छडीनं त्यांनी माझी हनुवटी वर केली. बोट लावलं नाही. अंगणात त्यांच्या आईसाहेब, स्वयंपाकी, कंपाउंडर, सगळे बघत उभे. बाजारात बैलाचे दात बघतात तसं माझं तोंड बघितलं गेलं. मग छडी नानाकडे वळली.

सांगलीतला बंगला. महायुद्ध चालू होतं. मी विशीतला, नाना पन्नाशीचा. वाईकडच्या आमच्या महारवाड्यातला, नात्यानं चुलता. त्यानंच मला या कामावर आणलं होतं. बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ससे होते. त्यांचं सगळं आम्ही दोघं बघायचो.

डॉक्टर सशांना तेलातून डांबरगोळीची पूड पाजायचे. आम्ही धरायचो. काही दिवसांत सशाच्या बाहुलीत दुधाचा थेंब पडल्यासारखं दिसायचं. मग बाहुली पांढरी व्हायची आणि ससा पिंजऱ्याच्या जाळीवर नाक आपटत फिरायचा. त्यातल्या निम्म्या सशांना डॉक्टर आवळ्याचा रसही द्यायचे. कंपाउंडरला सांगताना मी ऐकलं होतं, "लोखंडाला गंज चढतो तसा डोळ्यालाही आतून चढतो. आवळ्यातलं जीवनसत्त्व तो गंज थांबवेल. मोतीबिंदू होणारच नाही."

आवळे नाना ठेचायचा. मी फडक्यातून पिळायचो.

"आवळा त्येंना, अन् तोंडाला पाणी आपल्या," नाना म्हणायचा. "फुडच्या जल्मी ससा हो रं गड्या."

"अन् डांबरगोळी?"

"ती बी गिळायची. जेवान तर यळंवर मिळंल."

रस थंड राहावा म्हणून तो घरातल्या पाणीघरात ठेवायचा, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. पण आमच्या हातचा ओला जिन्नस घरात कसा जाणार? डॉक्टर दवाखान्यात असायचे. आईसाहेब मागच्या दारातून म्हणायच्या, "आधी उकळी आण रे त्याला. अग्नी लागला की दोष जातो." स्वयंपाकी परसातल्या चुलीवर रस चांगला रटरट उकळायचा आणि मग आत न्यायचा. संध्याकाळी तोच रस सशांना. रोज हे आमच्या डोळ्यांदेखत व्हायचं. त्यात बिघडण्यासारखं काही आहे हे आम्हाला काय ठाऊक?

एका सकाळी रसावरच्या सशांचेही डोळे पांढरे झालेले दिसले. एकाचे, मग दुसऱ्याचे, मग सगळ्यांचे. डॉक्टर दोन दिवस एकेक सशाचे डोळे पुन्हा पुन्हा तपासत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला अंगणात उभं केलं. रस आम्ही पितो आणि सशांना पाणी पाजतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नानाच्या दातात आवळ्याची साल सापडली.

"एक फोड खाल्ली साहेब. रस न्हाई पिलो."

छडी त्याच्या पाठीवर तुटली. कंपाउंडरनं त्याला फाटकाबाहेर काढलं. मी बघत राहिलो.

दुपारी डॉक्टर शेडमध्ये आले. "रस पिळल्यापासून सशाच्या तोंडात जाईपर्यंत काय काय होतं? सांग." मी सांगितलं. उकळीचं आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. उकळल्यावर रसातलं औषध मरतं हे त्यांना कळत होतं. "हे बाहेर बोलायचं नाही," ते म्हणाले. "तुझं काम राहील."

मी राहिलो. नानाच्या जागी आवळे ठेचू लागलो. आता रस घरात जात नव्हता. मी शेडमध्येच पिळून ताजा पाजायचो, याच हातांनी. नव्या सशांचे डोळे काळेभोर राहिले.

ते बघायला डॉक्टरांचे चार मित्र आले. मी एक ससा धरून उभा होतो. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या खेपेला आमच्या नोकरानंच रस प्यायला. सगळं फुकट गेलं."

"त्याची नजर तेज झाली असेल," एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय रे, खरं ना?"

सशाचं काळीज माझ्या तळहातात धडधडत होतं.

"न्हाई. नाना पिला न्हाई. आईसाहेबांनी रस उकळाय लावला. आमचा हात लागलाता म्हनून. तुमास्नी म्या सांगितलंय."

मी ससा पिंजऱ्यात ठेवला, कडी लावली आणि फाटकातून बाहेर पडलो. पुन्हा कुणापुढं तोंड उघडून जीभ दाखवली नाही.

इथं थांबलो तर ही माझ्या बंडाची गोष्ट होईल. ती तशी नाही.

मी गावी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. मुक्या जनावराच्या तोंडचं काढून खाणारा, असं नानाचं नाव पडलं होतं. सुगीत खळ्यांची राखण नानाच्या घराकडे असायची. ती काढून घेतली. चोराला राखणीला कोण ठेवील? नाना वाईच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला आणि तिथंच खोकून खोकून मेला. गावात मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, छडी तुटली तेव्हा तू कुठं होतास? आणि नंतर कुणाची भाकरी खात होतास?

नानाला माती दिली त्या दिवशी त्याच्या लेकीनं, अंजिरानं, मला गाठलं. "दादा, आप्पानं खरंच पिला व्हता का वं?"

सांगलीत चार सायबांपुढं फुटलेली वाचा तिच्यापुढं बसली.

"मला ठावं न्हाई," मी म्हणालो.

त्या डॉक्टरनं नानाला एकदा चोर केलं. मी दुसऱ्यांदा केलं.

अंजिरा अजून आहे. तिच्या नातवंडांना भांडणात अजून रसचोराची औलाद म्हणतात. या पौर्णिमेला समाजमंदिरात सगळे जमतील. मी उभा राहून हे असंच वाचणार आहे, माझा भाग न गाळता. मग गावच्या चावडीपुढं वाचणार आहे, ज्यांनी राखण काढून घेतली त्यांच्या पोरांपुढं. अंजिरा माझ्या तोंडावर थुंकली तर मी तोंड पुसणार नाही. वाचून संपल्याशिवाय खाली बसणार नाही.