समोरच्या मामी आणि वेरूळ

मद्रासजवळच्या आवडी या गावी, फॅक्टरी क्वार्टर्समध्ये आमचं आणि तमिळ शेजारीण मामींचं दार समोरासमोर होतं. मद्रासला येऊन आईला सात-आठ वर्षं झाली होती. तमिळ मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी. दुपारी मामी भाजी निवडायला आमच्या पायरीवर येऊन बसत, आणि आई त्यांना आपल्या मुलखातलं काय काय सांगे. एकदा वेरूळचं कैलास लेणं निघालं. एकाच डोंगरात, वरून खाली कोरत आणलेलं देऊळ. "आधी कळस, मग पाया," आई म्हणाली. मामींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

त्या खेपेला मामींच्या यजमानांनी एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवास-सवलत घेतली, ती काशीचं ठरलेलं रद्द करून वेरूळसाठी.

परतल्या दिवशी मामी न्हाऊन थेट आमच्याकडे आल्या. "तो आतला जिना चढून वर गेला होतात का तुम्ही?" त्यांनी आईला विचारलं.

आईने नजर खाली वळवली. मी तेव्हा दहा वर्षांची. मला वाटलं, विसरली असेल. मग ती हलकेच म्हणाली, "मामी, मी पाहिलेलंच नाही. शाळेत धडा होता."

मामी हसल्या नाहीत. संध्याकाळी बाबा सायकल लावत होते, तिथेच मामींनी त्यांना गाठलं. "सर, दर सुट्टीत गावी साताऱ्याला जाता. यंदा आधी यांना वेरूळ दाखवा."

वाट चांगलीच वाकडी होती. आईने म्हटलं असतं तर बाबांनी 'बघू' म्हणून सोडून दिलं असतं. शेजारणीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

मे महिन्यात आम्ही गेलो. बाबा बॅगा घेऊन सावलीत बसले. मी भूक भूक करत आईच्या मागे. ती एका खांबाला हात लावून कितीतरी वेळ उभी होती. "धड्यात एवढं नव्हतं गं," म्हणाली.

गावी दोन दिवस उशिरा पोचलो म्हणून काकूंनी बरंच सुनावलं. आईने मुकाट्याने ऐकून घेतलं. चेहरा मात्र प्रसन्न होता.

पुढच्या सुट्टीचं पायरीवरच ठरलं. आम्ही साताऱ्याला न जाता मामींबरोबर रामेश्वरला गेलो. आई पाण्याला भ्यायची. मामींनी तिचा हात घट्ट धरला आणि दोघींनी एकदमच डुबकी मारली.