तोरणमाळचं तळं आणि दिगूचं पोहणं

पौषात तोरणमाळला जायचं ठरवलं ते दिगूनं. दिगू माझा मामेभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आईच्या तोंडी दिवसभर त्याचंच कौतुक: दिगू किती हुशार, दिगू किती देखणा. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

नंदुरबारहून पहाटे दमणी केली. दोन रुपयांत शहाद्यापर्यंत बैलगाडी मिळते, वाटेत प्रकाशा गावाशी तापी मात्र नावेनं उतरावी लागते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि लाल मिरचीची चटणी बरोबर घ्या, टिकते. शहाद्यापुढे दोन दिवस डोंगरवाट, पायीच. वाट दाखवायला खात्र्याबाबा हा पावरा आदिवासी म्हातारा मिळाला.

वर सकाळी दव गोठून गवत पांढरं पडलेलं. मी तळ्यात बोट बुडवून लगेच काढलं. दिगू मात्र कपडे उतरवून पार मधोमध पोहून आला. काठावरच्या बायामाणसांचे डोळे त्याच्यावर. माझ्याकडे कोण बघणार, मी त्याचा सदरा धरून उभा!

बाहेर आला तेव्हा तो कुडकुडत होता. मग कुडकुडणं एकाएकी थांबलं. त्याला बटणं लावता येईनात, जीभ जड झाली.

"माले आते थंडी नही वाजी ऱ्हायनी, दादा," तो हसून म्हणाला.

खात्र्याबाबानं मला बाजूला नेलं. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "कापणं थांबलं, ते चांगलं नाही. आडवा कर त्याला. चालवू नको."

म्हणजे आता याचे पायही दाबायचे! मी दिगूला म्हटलं, "चाल रे, एवढा तळामा पवना ना? मंग टेकडी चढ." टेकडीवरच्या आमच्या उताऱ्यावर पोचताच त्याला उभं करून कढत पाणी घालायला लागलो. भिजून आलेल्याला आमच्याकडे असंच करतात. दुसऱ्या तांब्याला दिगू कोसळला. नाडी हाताला लागेना.

बाबानं त्याला हलक्या हातानं आडवं केलं, कोरडं पुसलं, शेकोटीपासून लांब घोंगडीत घेतलं. मला म्हणाला, "सदरा काढ. पोटाशी धर त्याला." मी दुपारपर्यंत दिगूला कवटाळून पडलो. मरू नको रे, एवढंच म्हणत होतो. ऊन कलल्यावर तो पुन्हा कापायला लागला, तेव्हा बाबाचा चेहरा सैल झाला. नीट शुद्धीवर आल्यावर त्याला गुळाचं गरम पाणी घोटघोट पाजलं. थंडीत जाणार असाल तर लक्षात ठेवा, पाण्यातून हसत बाहेर आलेला माणूस सुटला असं समजू नका.

घरी दिगूनं ओट्यावर सगळ्यांना गोळा केलं. "दादानी माले वाचाडं," म्हणाला. टेकडी चढल्याचं त्याला आठवतच नव्हतं. मामा डोळे पुसत होते. आईनं माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. त्या दिवशी घरभर माझंच नाव होतं, आणि मी ते मुकाट घेतलं. खात्र्याबाबानं मला आधीच काय सांगितलं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नाही.